हलका कण शोधायला मोठं मशीन का नको?

ऐरोलीकर७:
लेक बारावीला आहे. काल ठाण्याहून क्लास करून येताना लोकलमध्ये विचारते, बाबा, हिग्ज नावाच्या जड कणासाठी २७ किलोमीटरचं मशीन लागलं ना, मग त्याहून कितीतरी हलका कण टेबलावरच्या प्रयोगात कसा शोधतात? मी म्हटलं ऐरोली आली, उतर. पण रात्रभर डोक्यातून गेलं नाही. कुणी सोपं करून सांगेल का?

घणसोलीचा बंड्या:
बरे सुटलात 😀 मोठं मशीन लागतं ते कणांच्या टकरी घडवून जड कण तयार करायला. हलक्याला तेवढा जोर लागत नाही, पण तो इलेक्ट्रॉनला, न्यूट्रॉनला जेमतेम ओळख देत असेल तर टकरींच्या त्या गोंगाटात सापडणार कसा? मग कण शोधायचाच नाही, त्याने केलेली खोडी शोधायची. आता कॅल्शियम घ्या, आपलं दुधातलंच. ४०, ४२, ४४, ४६, ४८ अशी सम आकड्यांची पाच समस्थानिकं, सगळ्यांत प्रोटॉन २०च, न्यूट्रॉन तेवढे वेगळे. लेझरने इलेक्ट्रॉनला उडी मारायला लावली की लागणारी फ्रिक्वेन्सी प्रत्येकात किंचित सरकते. अशा दोन वेगळ्या उड्या मोजायच्या, वस्तुमानाचा हिशेब वळता करायचा आणि एकीचं सरकणं दुसरीच्या समोर ग्राफवर मांडायचं, ठिपके सरळ रेषेत येतात. याला किंग प्लॉट म्हणतात, १९६३ पासूनचा आहे. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनमध्ये एखादा लपलेला कण बल पोचवत असेल तर ही रेषा वाकते. बस एवढंच.

नौपाडा_फिजिक्स:
बंड्या, "बस एवढंच" नको रे म्हणू 🙏 २०२० ला यटर्बियम या धातूमध्ये रेषा वाकलेली दिसली होती, पण केंद्रक गोल नसून चेपलेलं असलं तरी ती वाकते, म्हणजे आधी केंद्रकाचा हिशेब चोख पाहिजे. म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) चुंबकत्वाचं पण तेच, २०२१ ला अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेने मोजलेला आकडा थिअरीशी जुळेना म्हणून केवढा गाजावाजा, आणि २०२५ ला थिअरीचाच आकडा सुधारला तर तफावत उरलीच नाही. मला विचाराल तर वाया काही जात नाही, रेषा जेवढी सरळ निघेल तेवढी नव्या कणाला लपायची जागा कमी होते.

ऐरोलीकर७:
लेकीला वाचून दाखवलं. म्हणते ४६ वालं कॅल्शियम आणतात कुठून?

घणसोलीचा बंड्या:
पोरगी हुशार आहे, तेच सगळ्यात दुर्मिळ, साध्या कॅल्शियममध्ये ०.००४ टक्के. पण किलोभर लागतंय कुणाला, विजेच्या सापळ्यात एकेक आयन (विद्युतभार असलेला अणू) पकडून त्यावर लेझर मारतात.