मदत हवी आहे: मुलगा हॉस्टेलला निघालाय, दारूबद्दल कसं बोलू?

सातारकर:
मुलगा अठराचा, येत्या रविवारी पुण्याला हॉस्टेलवर चाललाय. घरात कोणी घेत नाही, त्यामुळे विषयच कधी निघाला नाही. मेहुणे म्हणतात, घरीच एक बिअर पाज, म्हणजे बाहेर वाहवणार नाही. पाजू का?

निशिगंध:
अजिबात नको. घरून मुभा मिळालेली मुलं बाहेर जपून पितात, हा समज उलटा आहे. अशी मुलं कॉलेजात जास्त पितात, असंच अभ्यासांत दिसतं. शिवाय महाराष्ट्रात बिअरला 21 आणि व्हिस्की-रमला 25 वर्षं पूर्ण लागतात.

बोला मात्र निघण्याआधीच. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या रॉब टरीसींचं पालकांवरचं काम याच मुद्द्यावर उभं आहे. कॉलेजचे पहिले सहा आठवडे सगळ्यात नाजूक.

समोर बसवून भाषण नको. बॅग भरताना विचारा, "पहिल्याच पार्टीत कुणी ग्लास हातात दिला तर काय म्हणशील?" उत्तर त्यालाच शोधू द्या. "नको रे, सकाळी प्रॅक्टिकल आहे" एवढंही पुरतं. तुमचं मत मात्र स्वच्छ सांगा: "तू पिऊ नयेस असं मला वाटतं." "थोडी चालेल" म्हणालात, तर त्याला "चालेल" एवढंच ऐकू येईल.

दर्यावर्दी:
बाटलीचं गणितही सांगा. 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचे 30 मिलीचे चार पेग. "बिअरच तर आहे" इथेच पोरं फसतात. लिव्हर तासाला साधारण एकच पेग निपटतं. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाणी यांनी तो वेग वाढत नाही.

आणि हे पाठच करून घ्या: मित्र हलवूनही उठत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, ओठ निळसर, यातलं एक जरी दिसलं तरी 108. तोवर कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही. उताणा राहिला तर उलटी श्वासनलिकेत जाते. घरी कळेल या धास्तीने मुलं फोनच करत नाहीत, तिथेच जीव जातो. म्हणून आजच सांगा: "रात्री तीनलाही फोन कर. आधी हॉस्पिटल, बाकीचं नंतर."

सातारकर:
शनिवारी फोन केला तर पाळत ठेवल्यासारखं नाही वाटणार?

निशिगंध:
"कुठे आहेस, कोण आहे बरोबर?" अशी सुरुवात केलीत तर वाटेल. सातच्या सुमारास, तो बाहेर पडण्याआधी, पाच मिनिटं: जेवण, मेस, उद्याचा बेत. खर्चाचे पैसे महिन्याचे एकदम न पाठवता दर सोमवारी पाठवा. हजेरी घसरली, पैसे लवकर संपू लागले, तर रागावण्याआधी 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी बोला. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.