'थिंग' : सभेतून वस्तूकडे

इंग्रजीतला 'थिंग', जर्मन व डचमधला 'डिंग' आणि स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमधला 'टिंग' हे एकाच मुळाचे शब्द आज कोणत्याही वस्तूला किंवा बाबीला लावले जातात. परंतु या शब्दाचा जुना अर्थ वस्तू नसून सभा असा आहे, आणि तीही ठरल्या वेळी उघड्यावर भरणारी, तंटे मिटवणारी व कायदे ठरवणारी सभा. गॉथिक भाषेत 'वेळ' या अर्थाचा जो शब्द आहे तो याच घराण्यातला मानतात, त्यामुळे 'नेमलेली वेळ' ही कल्पना सभेच्याही आधीची असावी.

सभेपुढे खटला येतो, खटल्याला 'सभेतले प्रकरण' म्हणता म्हणता कोणतेही प्रकरण त्या शब्दात मावू लागते आणि अखेर हातात धरता येणाऱ्या वस्तूलाही तोच शब्द पुरतो. हा प्रवास एकट्या 'थिंग'चा नाही. जर्मन 'झाखं' (बाब, वस्तू) आणि त्याचा इंग्रजी सगोत्र 'सेक' यांचा जुना अर्थ तंटा असाच होता. लॅटिन 'काउसा' म्हणजे खटला, त्यातून फ्रेंच 'शोज' आणि इटालियन 'कोझा' म्हणजे वस्तू. आपली 'गोष्ट'सुद्धा संस्कृत 'गोष्ठी'पासून, म्हणजे मंडळी जमून केलेल्या संभाषणापासून, आली आहे. तिच्यात न्यायनिवाडा नाही, हा फरक ध्यानात ठेवावा. पण चारचौघांत ज्याविषयी बोलले जाते ते म्हणजे बाब, ही वाट तीच आहे.

उत्तरेकडे जुना अर्थ आजही नांदतो. आइसलँडमध्ये 930 साली थिंगवेत्लिर येथे भरू लागलेल्या 'अल्थिंग'चेच नाव तिथल्या आजच्या संसदेला आहे. नॉर्वेची संसद 'स्टोर्टिंग', म्हणजे मोठी सभा, आणि डेन्मार्कची 'फोल्केटिंग', म्हणजे शब्दशः लोकसभा. डॅनिशमध्ये हे दोन अर्थ लिंगावरून वेगळे होतात, आणि मला हा तपशील फार मोलाचा वाटतो: 'एन टिंग' म्हटले की वस्तू, 'एट टिंग' म्हटले की सभा. स्वीडनमध्ये जिल्हा न्यायालयाला 'टिंग्सरेट' म्हणतात.

दक्षिणेकडे मात्र सभा लोपली आणि तिच्या खुणा जोडशब्दांत राहिल्या. डचमध्ये 'खेडिंग' म्हणजे खटला. जर्मनमध्ये 'बेडिंगुंग' म्हणजे अट, मुळात वाटाघाटीत ठरलेली गोष्ट, आणि एखाद्याला 'डिंगफेस्ट' करणे म्हणजे अटक करणे. इंग्रजीत निवडणूक प्रचारासाठी वापरला जाणारा 'हस्टिंग्ज' हा शब्द नॉर्स 'हूसथिंग'वरून, म्हणजे राजा किंवा सरदार आपल्या घरच्या माणसांची जी सभा बोलावी तिच्यावरून आला. स्कॉटलंडमधले डिंगवॉल आणि आइल ऑफ मॅनची संसद 'टिनवॉल्ड' या दोन्ही नावांचा अर्थ सभेचे मैदान असा आहे.