यादीत बायको नाही म्हणजे ती मागून आली?

जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या पूर्वजाचा शोध घेणाऱ्या एकाने म्हटलंय की फिलाडेल्फियाला उतरलेल्यांच्या जहाज-यादीत पूर्वजाचं एकट्याचंच नाव आहे, तेव्हा बायको-मुलं मागाहून आली असणार. एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पेनसिल्व्हेनियात (फिलाडेल्फिया तिथलंच बंदर) १७२७ पासून उतरणाऱ्या जर्मनांकडून ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेत, पण फक्त सोळा वर्षांवरच्या पुरुषांकडून. त्यामुळे बायका-मुलं शेजारी उभी असली तरी शपथेच्या कागदावर यायची नाहीत.

एकाच जहाजाच्या तीनपर्यंत याद्या सापडतात: कप्तानाची एक आणि शपथांच्या दोन. तिन्ही ताडून बघा. कप्तानाच्या यादीत नावं कानाला ऐकू आली तशी, शपथेखाली मात्र माणसाची स्वतःची सही. (सही येत नसेल तर खूण, आणि नाव पुन्हा कारकुनाच्या मर्जीचं!) म्युलरचा मिलर झाला ते ओळखता येतं, पण त्सिमरमानचं (जर्मनमध्ये सुतार) भाषांतर होऊन कार्पेंटर झालं की शोधणारा चक्रावतोच.

आणि ‘योहान’वर विसंबू नका. पुष्कळदा घरातल्या सगळ्या मुलग्यांच्या नावाआधी योहान असायचं. हाक मारायचं नाव दुसरं. मी तरी आधी पेनसिल्व्हेनियातल्या लुथरन आणि रिफॉर्म्ड (दोन्ही प्रोटेस्टंट पंथ) चर्चच्या बाप्तिस्मा-वह्या बघेन. मूळ गाव कळल्याशिवाय जर्मनीतल्या वह्यांत शिरण्यात अर्थ नाही.