होडीवर घरी केलेलं फायबरचं छप्पर: करावं की ताडपत्रीच बरी?

खाडीकाठ

आमची होडी अठरा फुटी, फायबरची, रुंदी साडेपाच फूट, मागे पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन. वापर घरगुती. कर्ली खाडीत गळ टाकायचा, मे महिन्यात पाहुण्यांना फिरवायचं आणि समुद्र निवळ असला की देवबागच्या संगमाबाहेर (खाडी समुद्राला मिळते तिथून पुढे) एखादी चक्कर. डोक्यावर चार वर्षं ताडपत्री होती, म्हणजे चार वर्षांत तीन ताडपत्र्या झाल्या. ऊन त्यांना खातं, वारा कोपरे फाडतो आणि इंजिन जरा वाढवलं की अशी फडफड सुरू होते की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं.

यंदा फेब्रुवारीत कंबर कसली आणि घराच्या खळ्यात सात बाय पाचचं कडक छप्पर केलं. सहा मिलिमीटरचं मरीन प्लाय (आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा छाप बघूनच घेतलं), खाली कमानीच्या तीन फळ्या, मधोमध कणा. प्लायचा ताव आठ बाय चारचा येतो, त्यामुळे पाच फूट रुंदीला जोड द्यावाच लागतो. तो बरोबर कण्यावर घेतला. मध्ये दोन इंच उंचवटा ठेवला म्हणजे पाणी साचत नाही आणि पत्र्यासारखं लपलपतही नाही. वरून काचतंतूंच्या मॅटचे दोन थर, खालून एक, साधं पॉलिस्टर रेझिन. खांब ३१६ स्टेनलेस स्टीलच्या पाइपाचे. सगळा खर्च साधारण २४ हजार, वेल्डिंग धरून. वजन अंदाजे २२ किलो.

एक फजितीही सांगतो. पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता मगभर रेझिन हार्डनर घालून एकदम कालवलं. अर्धा चौरस फूट लावून होतोय तोवर मगातलं घट्ट झालं, धूर यायला लागला आणि प्लास्टिकचा मग तळाशी वितळून बसला. तिथून पुढे पहाटे सहा ते नऊ एवढंच काम केलं आणि एका वेळी अर्ध्या लिटरच्या वर कालवलं नाही.

माझं मत सरळ आहे. करवत आणि ब्रश धरता येणाऱ्याने हे घरीच करावं. सावली पक्की मिळते, फडफड जाते. आणि एक अनपेक्षित फायदा: छप्पर बसल्यापासून होडी कमी डचमळते, बायकोच्याही ते लक्षात आलं. कोणाचा विरोध असेल तर कारणासकट लिहा.

तांडेलपुत्र

माका तुझा छप्पर आवडला, खोटा कित्या बोलू. काम बरा केलंस. पण आमच्या होडयांक कापडाचा छप्पर असता तेका कारण आसा. वारो इलो की दोन मिनटात गुंडाळून ठेवतो. तुझा कसा गुंडाळतलस?

खाडीकाठ

दादा, गुंडाळायची गरजच काय? ते जागचं हलत नाही.

तांडेलपुत्र

ताच तर म्हणतंय मी.

रेझिनवाला

फायबरचं काम हाच आमचा धंदा आहे, म्हणून दोन शब्द. घरी करू नये असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या दुरुस्त्या घरी केलेल्या कामाच्याच असतात, आमचं पोट त्यावर चालतं.

छप्पर मधून कुजत नाही. कुजतं ते कडेने आणि भोकांतून. प्लायची कड म्हणजे स्ट्रॉची जुडी समजा, पाणी ओढत आत नेते. मॅट काटकोनात वळत नाही. धारदार कडेवर ती उचलली जाते आणि खाली हवेचा फुगा राहतो, तो वरून दिसतही नाही. कड आधी गोल करावी लागते, निदान करंगळीच्या गोलाईइतकी. आणि खांबांचे बोल्ट? तुम्ही ड्रिल मारून सरळ बोल्ट आवळले असणार. भोक आधी मोठं पाडायचं, रेझिनमध्ये पावडर कालवून ते गच्च भरायचं, वाळलं की त्याच्या मधोमध बोल्टाच्या मापाचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्टाचा लाकडाशी संबंधच येत नाही. वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. सिलिकॉन लावू नका, पुढे त्यावर कुठलाच रंग धरत नाही.

दुसरं, साधं पॉलिस्टर लाकडाला धरतं पण जीव लावून धरत नाही. दोनतीन उन्हाळ्यांनी साल सुटल्यासारखं सुटू शकतं. लाकडावर इपॉक्सी रेझिन उत्तम. महाग आहे, आणि ऊन त्याला सोसत नाही म्हणून वर टू-पॅक (दोन डबे एकत्र कालवून लावायचा) पीयू रंग चढवावाच लागतो.

तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारतो, शेवटचा हात कसला दिलात?

खाडीकाठ

कडा गोल केल्या आहेत. बोल्टांच्या बाबतीत पकडलंत, सरळच आवळले आहेत. शेवटचा हात पांढऱ्या जेलकोटचा (रंगीत रेझिनचा लेप). आठवडा झाला तरी हाताला किंचित चिकट लागतो, हवेत दमटपणा आहे म्हणून असेल.

रेझिनवाला

दमटपणाचा दोष नाही. जेलकोट साच्याच्या बाजूला वाळण्यासाठी बनवलेला असतो. उघड्या हवेत त्याचा वरचा पापुद्रा पुरता वाळत नाही. शेवटच्या हातात मेण मिसळलेला टॉपकोट लागतो, मेण वर तरंगून हवा अडवतं. आता चिकट थर अॅसिटोनने पुसा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि मेणवाला हात द्या. आणि मेणावर पुन्हा काही चढवायचं झालं तर ते मेण घासून काढल्याशिवाय नाही, नाहीतर रंगाचे पोपडे निघतील.

खालच्या बाजूला कुठला रंग दिलाय?

खाडीकाठ

तोच, पांढरा चकचकीत.

रेझिनवाला

तरीच. दुपारी पाण्यावरचं ऊन तुमच्या छताच्या पोटावर आदळून डोळ्यांत येत असणार. खालून फिका राखाडी, बिनचकाकीचा. गिऱ्हाईक आधी ऐकत नाही, एक उन्हाळा गेला की स्वतः डबा घेऊन येतं.

निवृत्त_आकडेमोड

धागाकर्ते, वजन "अंदाजे २२ किलो" हे कशावरून?

तुमच्याच मापांवरून धरू. सात बाय पाच म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. सहा मिलिमीटरचा प्लाय तेवढ्याला बारातेरा किलो. हाताने लावलेल्या मॅटला तिच्या वजनाच्या दोनअडीच पट रेझिन लागतं. तीन थरांचे म्हणून दहाबारा किलो सहज. कमानी, कणा, लांबी (पुट्टी), जेलकोट वेगळे. माझ्या हिशेबाने छप्पर तीस किलोच्या पुढे आहे. खांबांचे बत्तीस मिलिमीटरचे पाइप मीटरला सव्वा किलोच्या आसपास भरतात, ते अजून धरलेलेच नाहीत.

आता वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी २० किलोमीटरने ताशी ३५ च्या वाऱ्यावर निघालात तर छपराला लागणारा वारा ५५ चा. या वेगाला चौरस मीटरमागे साधारण चौदा किलो दाब. सपाट चाललंय तोवर बहुतेक वारा वरखालून निघून जातो. पण लाटेवर नाळ (होडीचं पुढचं टोक) उचलली गेली की तोच वारा छपराच्या पोटात भरतो. सव्वातीन मीटरला वाईटात वाईट पंचेचाळीस किलोची वरची ओढ, आणि तीही झटक्याने. तुमचे सरळ आवळलेले बोल्ट ती झेलणार आहेत का, ते रेझिनवाल्यांना विचारा.

खाडीकाठ

काका, आकडे मान्य. पण होडीत एक जाडा पाहुणा उभा राहिला तरी सत्तर-ऐंशी किलो वर जातातच की. तेव्हा कोणी धागा काढत नाही!

निवृत्त_आकडेमोड

पाहुण्याचं वजन कमरेच्या उंचीवर असतं, छपराचं डोक्याच्याही वर. शिवाय होडी हलली की पाहुणा घाबरून खाली बसतो. छप्पर बसत नाही.

मतलई

काकांशी निम्मी सहमत, निम्मी नाही. माझ्या सासरी दाभोळ खाडीत होड्या आहेत आणि त्यांतल्या दोघींवर कडक छप्पर आहे. कित्येक वर्षं काही झालेलं नाही. खाडी आणि संगम यांत फरक करा की. खाडीत लाट ती केवढी. उन्हाचं काय ते बोला. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर होडीत लहान पोर घेऊन बसून बघा. ताडपत्रीखाली उकडतं ते वेगळंच, निळी ताडपत्री तर तव्यासारखी तापते. प्रत्येक गोष्टीत "बुडेल बुडेल" करणाऱ्यांनी किनाऱ्यावर बसून आकडे मांडावेत.

मला एकच विचारायचंय. वजनच नको असेल तर आत थर्माकोल घालून वरखाली फायबर का करत नाहीत?

रेझिनवाला

ताई, पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं. थर्माकोलवर ओतलंत की गरम चहात बिस्किट जावं तसं विरघळून जाईल, नुसता खड्डा राहील. इपॉक्सी चालतं, ते थर्माकोलला खात नाही. पण थर्माकोलला ताकद नाही, पाय पडला की दबतं. खरा उपाय पीव्हीसी फोम. बारा मिलिमीटरचा आख्खा ताव तीन किलोच्या आत भरतो, आणि त्यावर पॉलिस्टरही चालतं. किंमत ऐकलीत तर ताडपत्री आवडायला लागेल. आणि जिथे बोल्ट येणार तिथला फोम कोरून लाकडाचा ठोकळा घालावा लागतो, नाहीतर बोल्ट आवळताच चिरडतो.

निवृत्त_आकडेमोड

मतलई, किनाऱ्यावर बसूनच मांडतोय, वय ७१ आहे. पण धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिलेलं एक वाक्य पुन्हा वाचा: "छप्पर बसल्यापासून होडी कमी डचमळते." ते ज्याला फायदा म्हणतात तीच मला धोक्याची खूण वाटते. होडी झपाझप डुलते तेव्हा ती जोराने सरळ होत असते. वर वजन गेलं की ती सावकाश कलते आणि सावकाश परत येते. बसणाऱ्याला सुखाचं वाटतं, पण सरळ व्हायची तिची ताकद कमी झालेली असते. आरामखुर्ची झाल्यासारखी होडी वाटायला लागली तर आनंद मानू नये.

खात्री करायची तर जेट्टीला, शांत पाण्यात, दोर सैल सोडून होडी हाताने हलवा आणि दहा झोके मोजा. छप्पर काढून एकदा, लावून एकदा. घड्याळ मोबाइलमध्ये आहेच.

तांडेलपुत्र

आणखी एक. उलटली तर काय? कापड फाडून माणूस भायर येता. कडक छपराखाली, त्यात बाजूक प्लास्टिकचे पडदे बांधलेले, माणूस खयसून भायर येतलो? पडदे लावू नको मेल्या. लावलंस तर ओढल्यार सुटतले असे लाव.

खाडीकाठ

पडदे लावणार होतो. आता नाही.

मतलई

हे मात्र पटलं. सासरच्या होड्यांना पडदे आहेत, आज फोन करते.

खाडीकाठ (आठ दिवसांनी)

वजन केलं. भंगारवाल्याच्या काट्यावर छप्पर चौतीस किलो आणि पाइप चौदा. एकूण अठ्ठेचाळीस. "अंदाजे २२" लिहिलं होतं त्याबद्दल कान पकडतो. भंगारवाल्याने "केवढ्याला देताय" विचारलं ते वेगळंच.

झोकेही मोजले. भाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या, प्रत्येकी तीनदा. छपराशिवाय दहा झोक्यांना सतरा-अठरा सेकंद. छप्पर लावून एकवीस.

बोल्ट उपसून बघितले. एका भोकात आत्ताच प्लाय काळपट पडलंय, अजून एक पावसाळाही गेला नाही! रेझिनवाल्यांच्या पद्धतीने सगळी भोकं भरून घेतली.

पण ताडपत्रीवर परत जाणार नाही, हेही सांगून ठेवतो. सावलीची चव कळली की माघारी फिरता येत नाही. खांब नऊ इंच कापतोय. छपराखाली उभं राहता येणार नाही, बसून चालवायची. आणि खांबांना खाली सॉकेट करून घेतोय, चार पिना ओढल्या की छप्पर उतरेल. संगमाबाहेर जायचं असेल त्या दिवशी ते घरी राहील.

निवृत्त_आकडेमोड

एकवीस म्हणजे जवळजवळ पाचव्या हिश्श्याने सावकाश. नऊ इंच कापल्यावर पुन्हा मोजा आणि इथे लिहा. उभं राहायची सोय गेली हा तोटा नाही. सगळे बसून राहिले तर तेवढंच वजन खाली आलं.

रेझिनवाला

पिना स्टीलच्याच घ्या आणि प्रत्येकीला दोरी बांधा, नाहीतर पहिली पिन पहिल्याच दिवशी पाण्यात. कापलेल्या पाइपाची तोंडं बुच मारून बंद करा. आणि खालचा राखाडी रंग विसरू नका.

मतलई

म्हणजे शेवटी छप्पर राहिलंच ना. मग एवढा वाद कशाला घातलात सगळ्यांनी?

तांडेलपुत्र

रवला, पण खाडीत. संगमार जाताना काढतलो म्हणता तो. चौतीस किलोचा छप्पर सकाळी पाच वाजता एकटो उतरवून घराकडे नेतलो काय? पयल्या दिवशी नेतलो. दुसऱ्या दिवशी म्हणतलो, आज वारो खय आसा.

खाडीकाठ

दादा, खरं आहे. भावाला सांगून ठेवलंय, संगमाबाहेर जाताना छप्पर होडीवर दिसलं तर त्याने होडीत पाय ठेवायचा नाही. वेल्डर मंगळवारनंतर ये म्हणालाय. तोवर छप्पर खळ्यात चार विटांवर पालथं पडलंय, आणि आईने त्यावर आमसुलं वाळत घातली आहेत.