मदत हवी आहे: 'शराड'ची (१९६३) बघण्याजोगी प्रत

मंडळी, स्टॅन्ली डोननचा 'शराड' आई-बाबांना दाखवायचा घाट घातला आणि तोंडघशी पडलो. (शराड की शरेड यावरून कृपया धागा भरकटवू नका.) चित्रपट नेटवर फुकट मिळतो, तोही अमेरिकेत कायदेशीरपणे. प्रदर्शनाच्या वेळी त्यावर 'कॉपीराइट' हा शब्दच टाकायचा राहिला आणि तेव्हाच्या तिथल्या कायद्याप्रमाणे हक्क गेले. त्यामुळे ज्याला जमेल त्याने आपापली प्रत चढवली आहे. मी उघडलेल्या तिन्ही एकीपेक्षा एक भिकार.

नमुना सांगतो. नवऱ्याच्या अंत्यदर्शनाला ऑड्री हेपबर्न बसलेली. तीन अनोळखी बुवा एकेक करून येतात. एक शिंकतो, एक प्रेताच्या नाकाशी आरसा धरतो आणि एक चक्क टाचणी टोचून बघतो, मेलाय ना नक्की! हसू आणि धास्ती, दोन्ही त्या टाचणीत. आमच्या प्रतीत ती दिसलीच नाही. बाबा म्हणाले, "हा नमस्कार करून गेला का?"

पुढे रात्रीची गच्चीवरची मारामारी. जॉर्ज केनेडीच्या एका हाताच्या जागी धातूचा आकडा आहे, सगळी भीती त्याची. इथे नुसती दोन काळी गाठोडी झटापट करताना दिसली. फॅशन डिझायनर जिवांशीने केलेले हेपबर्नचे कपडे पार विटलेले. त्यात सबटायटल्स संवादाच्या आधी धावतात. कॅरी ग्रँट आणि तिची जुगलबंदीच कोपरखळ्यांवर चालते, उत्तर आधीच वाचून झालं की मग काय उरलं!

क्रायटेरियनची (जुने चित्रपट नीट करून विकणारी कंपनी) ब्लू-रे कुणी पाहिली आहे का? अंधारातले प्रसंग, विशेषतः शेवटचा पॅरिसमधल्या पालै रॉयाल या वास्तूच्या खांबांमधला, नीट दिसतो का? आणि बाबा अर्ध्यातून उठले आहेत, तेव्हा सगळे ज्यांच्या मागे आहेत ते अडीच लाख डॉलर कुठे होते ते इथे फोडू नका.

प्रतिसाद: माझ्याकडे आहे. टाचणी दिसते, खांबही दिसतात. फुकटातलीच हवी असेल तर आधी चौकट बघा. मूळ चित्र रुंद आहे, १.८५:१. चौकोनी दिसलं की सोडून द्या. लांबी ११३ मिनिटांच्या आसपास हवी.

धागाकर्ता: टाचणी दिसते ना, मग मागवतोच. बाबा विचारताहेत, तो नमस्कारवाला शेवटी चांगला निघतो का.