दर महिन्याला देणं: तुम्हाला त्यातून काय मिळालं?

दान गुप्त असावं, हे मान्य. म्हणून रक्कम नको, संस्थेचं नावही नको. पण नियमित देणाऱ्याच्या आत काय बदलतं, ते मोकळेपणाने लिहा. वेगवेगळ्या लोकांची उत्तरं खाली:

• पगार जमा झाला की ठरलेली रक्कम आपोआप वळती होते. पूर्वी प्रत्येक आवाहन वाचताना मनात वाद चालायचा: द्यावं का, किती द्यावं, खरं असेल का? आता तो संपला. एखाद्याला नाही म्हणावं लागलं तरी टोचणी लागत नाही.

• मी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेला देतो. मला सर्वात मोठी मिळकत झाली ती समजुतीची. वार्षिक अहवाल येतो, तो मी जमाखर्चासकट वाचतो. गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायचं, एवढ्यावर माणसाची नजर परत येऊ शकते, हे तिथेच कळलं. आणखी एक कळलं. बातम्यांत आपत्ती आली की देणग्यांचा ओघ लागतो, पण परिचारिकांचे पगार आणि विजेचं बिल साध्या महिन्यांतही असतंच. त्या साध्या महिन्यांत आपण असतो, याचं मला मनापासून समाधान आहे. चांगलं वाटण्यासाठी भावना उचंबळून यावी लागत नाही, असं माझं मत झालंय.

• वरच्या मुद्द्याला जोडून: एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांचा एक प्रयोग २००८ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला होता. लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. काहींनी ते स्वतःवर खर्च करायचे, काहींनी दुसऱ्यासाठी किंवा दान म्हणून. संध्याकाळी दुसऱ्यांवर खर्च करणारे जास्त आनंदी होते, आणि रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही. अर्थात ही एका दिवसाची गोष्ट. वर्षानुवर्षं दिल्यावर तो आनंद मला तरी शांत होत गेलेला जाणवतो, पण आटलेला नाही.

• आमच्याकडे वर्षातून एकदा सगळे बसून ठरवतो, यंदा कुठे द्यायचं. मुलगी जखमी प्राण्यांसाठी अशी भांडली की तिच्यातली ही माया मला त्या दिवशी नव्याने दिसली. नवऱ्याला वाचनालयांबद्दल इतकं वाटतं, हेही तेव्हाच कळलं.

• माझी नोकरी गेली तेव्हा रक्कम अगदी नावापुरती केली, पण बंद केली नाही. घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायची वेळ येईल अशी धास्ती होती, त्या काळात आपणही कुणाच्या तरी उपयोगी पडतोय या जाणिवेने मला उभं ठेवलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर संस्थेला आधी कळवा. मी फोन केला तेव्हा हिशेब पाहणाऱ्या बाईंनी आभार मानले. पुढच्या महिन्यांचा खर्च त्यांना त्यावरूनच आखायचा असतो.