आतले लिटर मोजा, मग फळ्या कापा

'बारा इंची ड्रायव्हर घेतलाय, ४० सेंमीचं चौकोनी खोकं पुरेल का? पोर्ट ठेवू की बंद?' असं विचारलंत, म्हणून लिहितोय. (ड्रायव्हर म्हणजे खोक्यात बसवायचा नुसता स्पीकर, पोर्ट म्हणजे खोक्यातली हवा आत-बाहेर करणारा पाइप.)

४० सेंमी बाहेरून की आतून? बाहेरून असेल तर १८ मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) दोन्हीकडून वजा होऊन आत ३६.४ उरतात. ६४ लिटर वाटणारं खोकं ४८ लिटरचंच निघतं, आणि त्यातूनही ड्रायव्हर नि आतले आडवे आधार जागा खातात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून फळ्या कापून आणल्या तेव्हा मी इथेच चुकलो होतो. अख्खा बोर्ड वाया गेला.

आधी ड्रायव्हरचं क्यूटीएस (हलता पडदा किती आवरला जातो तो आकडा) आणि व्हीएएस (पडद्याच्या आधाराइतकीच लवचिक हवा किती लिटर, तो आकडा) बघा. समजा ०.४ आणि ८५ लिटर असेल, तर क्यूटीसी (खोक्यात बसवल्यावरचा तोच आवरण्याचा आकडा) ०.७ धरून बंद खोक्याला साधारण ४० लिटर लागतील. म्हणजे तुमचं माप जमेल.

फ्लॅटसाठी मी बंदच सुचवेन. पोर्टमुळे खालचा बास वाढतो, हे खरं. पण ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलाय तिच्या) खाली ड्रायव्हरचा कोन, म्हणजे पडदा, मोकाट हलतो, आणि पाइप अरुंद पडला की हवा फुसफुसते.

सांधे मात्र जीव लावून बंद करा. ३० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावून उदबत्ती कडेकडेने फिरवा. धूर थरथरला की तिथे गळती. माझ्याकडे टर्मिनलच्या, म्हणजे वायर जोडायच्या जागेच्या, भोकापाशी सापडली होती. आणि पावसाळ्याआधी कापलेल्या कडांना सीलर लावाच, एमडीएफ तिथूनच ओल पितो.